हाताचा बेत आणि डोळ्यांची नजर



सुया डबीत पडलेल्या असतात तेव्हा कुठल्या सुईचं नेढं कोणत्या बाजूला आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही. पण दोरा ओवायला घेतला की तेच बारीक नेढं नीट दिसतं. डोळे तेच, सुई तीच. बदलला तो हाताचा बेत.

आपल्याला वाटतं, आधी डोळा बघतो आणि मग हात हलतो. पण उलटंही घडतं. हात काय करणार हे मेंदूनं ठरवलं की त्या कामाला लागेल ते डोळ्यांना अधिक चांगलं दिसू लागतं. बेकरिंग आणि नेगर्स या संशोधकांनी २००२ साली हे दाखवून दिलं. त्यांनी लोकांना ठरावीक रंगाची आणि ठरावीक तिरकी ठेवलेली वस्तू शोधायला सांगितली. कधी तिच्याकडे नुसतं बोट दाखवायचं, कधी ती पकडायची. पकडायची असली की नजर चुकीच्या तिरकेपणाच्या वस्तूवर कमी वेळा गेली. रंगाच्या चुकांत मात्र फरक पडला नाही. पकडीला तिरकेपणा कळावा लागतो, रंग नाही.

आता आपल्या भोसरी-चाकणच्या कारखान्यांत येऊ. क्रेटमधला जॉब उचलून फिक्श्चरमध्ये बसवताना हात बरोबर वळतो, पण त्यावरचा गंजाचा डाग किंवा बारीक चीर नजरेतून सुटू शकते. मग ऐकावं लागतं, "लक्ष कुठे होतं?" लक्ष कामावरच होतं! म्हणून आम्हाला वाटतं, बसवणं आणि तपासणं ही दोन वेगळी कामं धरावीत आणि दोन्हींना वेळ मिळावा.

रस्त्यावरही तसंच. शिफ्ट सुटली, चाकणच्या तळेगाव चौकात पलीकडे बस दिसली, की मनात एकच बेत असतो: बस पकडायची. नजर बसच्या दारावर खिळते आणि बाजूनं येणारी दुचाकी समोर असूनही ध्यानात येत नाही.

यावर एक साधी सवय आहे. जपानमध्ये रेल्वेचे कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्यानं उच्चारतात. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेच्या १९९४ च्या चाचणीत, साध्या कामातल्या चुका या पद्धतीनं जवळपास ८५ टक्क्यांनी घटल्या. इथे बघणं हेच हाताचं काम होतं. आपणही प्रेसचं बटण दाबण्यापूर्वी डायकडे लांबूनच बोट दाखवून म्हणू या, "डाय मोकळी, हात बाहेर." रस्ता ओलांडताना म्हणू या, "उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं." कुणी हसलं तर हसू दे, बोटं आपली आहेत.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ही सवय म्हणजे मशीनच्या गार्डची बदली नव्हे. माणसाची नजर चुकणारच, म्हणून तर धोकादायक यंत्राला संरक्षक कठडा हवा. १९४८ च्या कारखाना कायद्यानं ती जबाबदारी कारखाना चालवणाऱ्यावर टाकली, कामगार बाईच्या डोळ्यांवर नाही. गार्ड काढलेला दिसला तर एकटीनं नाही, चौघींनी मिळून विचारा.

आज घरी भाकरी थापताना बघा बरं, तुमची नजर कशावर असते? भाकरीच्या काठावरच ना? मग शेजारच्या गॅसवरचं दूध उतू जातं, त्यात नवल ते काय!