इंदापूरची प्रतबंदी आणि तळचा पाषाण

महसुलाच्या इतिहासात इंदापूर तालुक्याला जे स्थान मिळाले, ते तेथील मातीमुळे. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने बसविलेली जमीन महसुलाची आकारणी रयतेस पेलेनाशी झाल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास येथूनच नव्या मोजणीस आरंभ केला. आणि पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात जी प्रतबंदी, म्हणजे जमिनीची प्रतवारी, कायम झाली, तिच्यात पावणेदोन हात खोल काळ्या जमिनीस सोळा आणे धरून, खोली व पोत उतरेल तसतशी आणेवारी दोन आण्यांपर्यंत खाली आणली जाई, आणि मातीत चुनखडीचे खडे आढळले की तोही दोष समजून प्रत आणखी उतरविली जाई. रसायनशाळेच्या साहाय्यावाचून केलेली ही पारख पुष्कळ अंशी यथार्थ होती; ती कशी, ते तळच्या खडकावरून कळते.

बारामती-इंदापूरच्या तळाशी सर्वत्र काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हारसाचा हा खडक. त्यात सुमारे दशांश चुना, त्याहून किंचित अधिक लोहाचे ऑक्साइड आणि पुरेसे मॅग्नेशियम असते, परंतु पालाश शेकडा एकाहूनही कमी आणि स्फुरद त्याहून अल्प. पूर्व विदर्भात ग्रॅनाइटसारख्या खडकांवर वाढलेल्या अरण्यांत हा हिशेब बराचसा उलटा, पालाश अधिक नि चुना थोडा, असा दिसतो. नत्र मात्र खडकाकडे मागण्यात अर्थ नाही. ते हवेतून आणण्याचे काम बाभळीसारख्या शेंगवर्गीय वृक्षांच्या मुळांवरील गाठींतले जंतू करतात.

तथापि खडकाने दिलेले मातीत टिकते की नाही, हे पर्जन्य ठरवितो. हाच पाषाण महाबळेश्वरी पाच-सहा हजार मिलिमीटर पावसाने शतकानुशतके धुतला जाऊन त्यातील चुना व मॅग्नेशियम वाहून गेले आणि लोह-ॲल्युमिनियमचा तांबडा जांभा मागे उरला. उलट पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या बारामतीकडे चुना जागच्या जागी साकळून त्याचे खडे बनले. या चुन्याची करामत अशी, की ज्या मातीचा जनक खडक लोहाने भरलेला, तिच्यातच लोह मुळांना अप्राप्य होऊन पाने पिवळी पडतात, ज्याला आपले शेतकरी केवडा म्हणतात. स्फुरदही तसाच चुन्याशी जखडला जातो. मोजणीदारांनी चुनखडीस दोष ठरविले, ते उगीच नव्हे!

सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य किंवा इंदापूरकडील कडबनवाडीचे माळ पाहिले, की महसुली दप्तरातला ‘पडीक’ हा शेरा किती अपुरा आहे ते ध्यानी येते. वीतभर मुरमावर कुसळी गवत, हिवर, बोर आणि चिंकारा सुखाने नांदतात. उणीव आहे ती खोलीची व ओलाव्याची, अन्नद्रव्यांची तितकीशी नाही. अशा माळावर सरसकट खड्डे खणून दाट वनराई उभारण्याचा उत्साह मला अनाठायी वाटतो.

बारामतीजवळ माळेगावी २००९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेच्या वाट्याला असाच खडकाळ माळ आला होता. तेथेही उणीव खोलीचीच, म्हणून कातळ फोडून, मुरमात मुळांना वाट करून देऊन आणि खड्ड्यांत माती भरून फळझाडे वाढविण्यात आली.