घोड्यांच्या शर्यतीला जाऊ, पण पाकीट मोजून!

‘रेस’ हा शब्द आमच्या पुण्याच्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. पावसाळा आला की पुण्यातल्या शर्यतींचा हंगाम सुरू व्हायचा आणि आईचा जीव टांगणीला लागायचा. बाबा रेसकोर्सवर गेले की ती काही ना काही काम काढून दाराशी बसायची. जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज आला, की त्या आवाजावरूनच तिला कळायचं आज काय झालं ते. पुढे बाबांचा नाद सुटला, पण आईच्या दोन बांगड्या काही परत आल्या नाहीत.

लग्नानंतर मी इंग्लंडमध्ये रेडिंगला आले. आता इथल्या एका शाळेत आठवड्यातून तीन दिवस शिकवते, बाकीचे दिवस घर सांभाळते. आम्हा बाराजणींची भिशी आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या भिशीत टूम निघाली, “या वेळी हॉटेल नको. उड्या मारणाऱ्या घोड्यांच्या शर्यती बघायला जाऊ या!” आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेच्या सहली मी काढते, तेव्हा हीसुद्धा मीच काढणार, हे जणू ठरलेलंच!

मी आधी साफ नाही म्हटलं. रात्री ह्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, “अगं, शर्यत बघायला जाणं वेगळं आणि घोडा लावायला जाणं वेगळं.” विचार केला तेव्हा पटलं. मग वही-पेन्सिल घेऊन बसले. तुमच्यापैकी कित्येकजणी लेकीकडे, मुलाकडे इंग्लंडला येता, काहीजणी इथेच राहता. कधी असा बेत ठरला, तर माझ्या वहीतली ही टिपणं उपयोगी पडतील.

हा खेळ आहे तरी काय?

मुंबईला महालक्ष्मीला आणि पुण्याला आपण ज्या शर्यती ऐकून असतो, त्या सपाट मैदानावरच्या. इथे हिवाळ्यात मात्र अडथळ्यांच्या शर्यती रंगतात. ऑक्टोबर ते एप्रिल हा त्यांचा खरा भराचा काळ. असं सांगतात, की १७५२ साली आयर्लंडमध्ये दोघांनी पैज लावली आणि बटेव्हंट गावच्या चर्चपासून डोनेरेल गावच्या चर्चपर्यंत वाटेतली कुंपणं, ओढे ओलांडत घोडे फेकले. चर्चचा मनोरा म्हणजे स्टीपल, म्हणून या शर्यतीचं नाव स्टीपलचेस.

अडथळे दोन प्रकारचे. एक ‘हर्डल’. तो निदान साडेतीन फूट उंच आणि हलका असतो. घोड्याचा पाय लागला तर थोडा कलतो. दुसरा ‘फेन्स’. तो निदान साडेचार फूट उंच, भरभक्कम, काटक्या दाबून भरलेला. म्हणजे स्वयंपाकघरातल्या ओट्याहून दीड फूट उंच कुंपण समजा! अंतरही थोडंथोडकं नाही. उड्यांच्या शर्यती साधारण दोन मैलांपासून पुढे. लिव्हरपूलजवळ एन्ट्रीला एप्रिलमध्ये होणारी ‘ग्रँड नॅशनल’ तर सव्वाचार मैलांहून लांब आणि तिच्यात तीस उड्या.

आपल्याला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. ह्या ग्रँड नॅशनलमध्ये बाईनं घोडा चालवायला १९७७ साल उजाडावं लागलं. ती शार्लट ब्रू. पुढे १९८३ मध्ये जेनी पिटमन यांनी तयार केलेला घोडा जिंकला; असं यश मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. आणि २०२१ मध्ये रेचेल ब्लॅकमोर ही शर्यत जिंकणारी पहिली स्त्री जॉकी ठरली. पुरुषांसाठी वेगळी आणि बायकांसाठी वेगळी अशी विभागणी नाही, बरं का! एकाच रांगेतून सगळे सुटतात.

दिवस निवडताना

पहिल्यांदा जाताना मोठ्या नावाच्या शर्यतीचा दिवस निवडू नका. मार्चमधला चेल्टनमचा चार दिवसांचा उत्सव किंवा ग्रँड नॅशनल म्हणजे आषाढीची गर्दी. तिकीटही महाग आणि घोडा लांबूनच दिसायचा. त्यापेक्षा आडवारचा साधा दिवस घ्यावा. गर्दी बेताची, तिकीट स्वस्त, आणि घोडे अगदी हाताच्या अंतरावरून जातात. आम्ही डिसेंबरमधला एक दिवस धरला आणि न्यूबरीला गेलो, कारण तिथे रेसकोर्सच्या शेजारीच रेल्वे स्टेशन आहे. स्टेशनचं नावच ‘न्यूबरी रेसकोर्स’! गाडी कुणी चालवायची आणि उभी कुठे करायची, हा घोळच नाही.

तिकिटं आधीच काढावीत. गटासाठी सवलत आहे का, हे विचारायला लाजू नये. जमीन गोठली किंवा पाणी साचलं, तर शर्यती रद्द होतात, म्हणून पैसे परत मिळण्याचा नियम तिकीट काढतानाच वाचून ठेवावा आणि निघायच्या दिवशी सकाळी शर्यती होणार ना, याची खात्री करावी. बरोबर मुलं न्यायची असतील तर मोठ्या माणसांसोबत अठराखालच्यांना बहुतेक ठिकाणी तिकीट पडत नाही.

कपडे, डबा आणि थर्मॉस

सिनेमात पाहिलेल्या टोप्या आणि झुळझुळीत पोशाख उन्हाळ्यातल्या सपाट शर्यतींचे. हिवाळ्यात वारा हाडांत शिरतो. आमच्यातल्या एका वहिनींनी हौसेनं पैठणी नेसली आणि दुसऱ्या शर्यतीपर्यंत तिच्यावर दोन स्वेटर, एक कोट आणि माझी शाल चढली! तेव्हा आत गरम कपडे, वर पाऊस झेलणारा कोट, पायात सपाट तळाचे बंद बूट. उंच टाचा गवतात रुततात. हातमोजे विसरू नका.

बाहेरचं खाणं आत नेऊ देतात का, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, म्हणून आधी विचारावं. आम्ही दशम्या, बटाट्याची सुकी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी जातानाच गाडीत संपवली. परतीसाठी वड्या. तिथला चहा महाग आणि पांचट. याहून जास्त काही बोलत नाही.

पाकिटाचा नियम

आता महत्त्वाचं. मी सहल काढायला तयार झाले ती एका अटीवर. प्रत्येकीनं घरून निघतानाच एका पाकिटात बारा पौंड घालायचे. सहा शर्यती, प्रत्येक शर्यतीला दोन. पाकीट संपलं की खेळ संपला. उसनं मागायचं नाही, द्यायचं नाही, आणि कार्ड पर्समधून बाहेर काढायचं नाही. हे बारा पौंड नाटकाच्या तिकिटासारखे गेलेलेच समजायचे. परत आले तर प्रसाद.

हिशेबही आधी समजून घ्यावा. फळ्यावर ‘पाचास एक’ असा भाव असेल आणि तुमचा घोडा जिंकला, तर दोन पौंडांवर दहा मिळतात आणि तुमचे दोन परत, म्हणजे हातात बारा. ‘ईच वे’ म्हटलं तर एक पैज घोडा जिंकण्याची आणि दुसरी तो पहिल्या काहींत येण्याची. म्हणून ‘दोन पौंड ईच वे’ म्हटलं की चार पौंड जातात! नवख्या माणसाची हमखास फसगत इथे होते. काही बुकी पाच पौंडांखाली पैज घेत नाहीत. तिथे दोघी-तिघींनी मिळून लावावी किंवा सरळ टोटच्या खिडकीवर जावं.

मी स्वतः घोडा लावला नाही. मी वही सांभाळली.

तिथे गेल्यावर

पहिल्या शर्यतीआधी निदान तासभर पोहोचावं. दारातच रेसकार्ड घ्यावं. त्यात प्रत्येक घोड्याचं नाव, वजन, जॉकी आणि मालकाच्या रंगांच्या सदऱ्याचं चित्र असतं. लांबून घोडा ओळखायचा तो ह्या सदऱ्यावरून. नावाजवळ आकड्यांची माळ असते, ते घोड्याचं प्रगतिपुस्तक! सगळ्यांत उजवीकडचा आकडा सर्वांत ताजा. एक म्हणजे पहिला, दोन म्हणजे दुसरा. मध्येच इंग्रजी ‘एफ’ दिसला तर तेव्हा घोडा पडला होता, ‘यू’ म्हणजे जॉकी खाली आला होता, आणि ‘पी’ म्हणजे घोडा दमल्यानं किंवा काही बिनसल्यानं जॉकीनं त्याला मध्येच थांबवलं होतं.

दोन शर्यतींत अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ असतो. तो वेळ बुकीच्या फळ्यासमोर घालवू नका. पॅरेड रिंगच्या कठड्याशी उभ्या राहा. तिथे घोड्यांना गोल फिरवतात. घोड्याला हाताशी धरून चालणाऱ्या पुष्कळदा तरुण मुलीच असतात, आणि ज्यांचा घोडा उत्तम सजवलेला त्यांना बक्षीसही मिळतं. घोड्याच्या अंगावरची चकाकी, थंडीत निघणारी नाकातली वाफ, चालण्यातली लय. मी तिथून हललेच नाही. एक शर्यत मात्र शेवटच्या रेषेपाशी न बघता एखाद्या उडीजवळ, जिथवर जाऊ देतात तिथे, उभं राहून बघा. आधी जमीन थरथरते, मग आवाज येतो, आणि मग एकदम डझनभर घोडे हवेत!

घोडा पडतो तेव्हा

हे लपवून चालणार नाही. चौथ्या शर्यतीत एक घोडा पडला. आम्ही सगळ्या तोंडावर हात ठेवून उभ्या. तो काही क्षण तसाच पडून राहिला, मग उठला, अंग झटकलं आणि जॉकीशिवायच बाकीच्यांच्या मागे पळत सुटला. जॉकीही उठून चालत निघाला. पण दर वेळी असं होत नाही. घोडे जायबंदी होतात, काही दगावतातही. अशा वेळी भोवती पडदे उभे करतात. डॉक्टर आणि घोड्यांचे डॉक्टर गाडीतून शर्यतीच्या मागोमाग असतातच.

धोका कमी करायचे प्रयत्न चालू आहेत. उड्यांवरच्या पट्ट्या पूर्वी नारिंगी असत. घोड्याला नारिंगी रंग आपल्यासारखा उठून दिसत नाही, असं संशोधनात आढळलं, म्हणून २०२२ पासून त्या जागी पांढरा रंग आला. ग्रँड नॅशनलमध्ये पूर्वी चाळीस घोडे पळत, २०२४ पासून जास्तीत जास्त चौतीस. तरीही हे सगळं कुणाला बघवणार नसेल, तर तिला आग्रह करू नये. लहान मुलांना नेण्याआधी तर ह्याचा नीट विचार करावा.

माझी एक चूक

आग्रहावरून आठवलं. आमच्यातली एकजण “मला जमणार नाही” एवढंच म्हणाली होती. सगळ्यांनी तिला व्हॉट्सॲपवर चिडवलं, आणि “भित्री भागूबाई” असं लिहिणारी मीच होते. दोन दिवसांनी तिचा फोन आला. फोनवरच्या जुगारात तिनं घरात न सांगता कित्येक महिन्यांचे साठवलेले पैसे घालवले होते. नुकतंच नवऱ्याला सांगून तिनं गॅमस्टॉप नावाच्या मोफत सोयीत नाव घातलं होतं. तिथे नाव नोंदवलं की ब्रिटनमधल्या परवानाधारक ऑनलाइन जुगाराची दारं निदान सहा महिने आपल्याला बंद होतात. “रेसकोर्सवर आले तर मला आवरणार नाही गं,” ती म्हणाली.

जिच्या आईच्या बांगड्या गेल्या, तिनं हे लिहावं! मला रडू फुटलं. तिची माफी मागितली. गटात एवढंच लिहिलं, की तिला दुसरं काम आहे आणि जानेवारीची सहल तिच्या आवडीची काढायची. म्हणून सांगते, असल्या बेताचं आमंत्रण देताना “येणार ना?” असं चारचौघींत विचारू नका. एकेकीला वेगळं विचारा, आणि नाही म्हणणारीला कारण विचारू नका.

संध्याकाळचा हिशेब

चारच्या सुमाराला अंधारून आलं. गाडीत वड्या वाटल्या आणि मी वही उघडली. अकराजणींपैकी दहाजणी खेळल्या. आत गेले १२० पौंड, बाहेर आले ७४. एकीला वीस पौंडांचा फायदा झाला होता आणि दिवसभर आम्ही तिचंच नाव ऐकत होतो! वही नसती, तर सगळ्यांना वाटलं असतं की आज आपण जिंकलो. बाबांनाही असंच वाटत असेल का?

दुसऱ्या दिवशी आईला फोन केला. लपवावंसं वाटलं नाही. ती बराच वेळ गप्प राहिली. मला वाटलं, आता रागावणार. मग म्हणाली, “जवळून कसा दिसतो गं घोडा? इतकी वर्षं त्यांच्यापायी उपास काढले, पण मला कधी कुणी दाखवला नाही.”

मेमध्ये आई इकडे येते आहे. तेव्हाही कुठे ना कुठे शर्यती असतातच. तिच्यासाठी तिकीट काढणार आहे. पाकीट मात्र घरीच राहील.