बेस मॉडेलच्या रकान्यात

गाडीचं ब्रोशर हातात आलं की मी ते शेवटच्या पानापासून वाचते. पुढच्या पानांवर घाटातले रस्ते आणि हसरी कुटुंबं असतात. खरा मजकूर मागच्या कोष्टकात असतो, बारीक टायपात. डावीकडे सोयींची यादी, वर व्हेरिअंटची नावं, मधल्या चौकटींत टिंबं आणि रेघा. टिंब म्हणजे ती गोष्ट गाडीत आहे, रेघ म्हणजे नाही.

मारुतीची डिझायर घ्या. नोव्हेंबर २०२४मध्ये ती नव्या रूपात आली, तेव्हा तिच्या चार पायऱ्या होत्या: एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय आणि झेडएक्सआय प्लस. एक्स-शोरूम किंमत तेव्हा ६.७९ लाखांपासून १०.१४ लाखांपर्यंत होती. इंजिन मात्र सगळ्यांना तेच, तीन सिलिंडरचं, ११९७ सीसीचं. एलएक्सआयला म्युझिक सिस्टिम नाही. व्हीएक्सआयला सात इंची स्क्रीन, प्लसला नऊ इंची. एलईडी हेडलाइट, अलॉय व्हील आणि ऑटोमॅटिक एसी झेडएक्सआयपासून पुढे. सनरूफ आणि चारी बाजूंचं दाखवणारा कॅमेरा फक्त प्लसला. पण त्याच कोष्टकात काही ओळी अशा आहेत, की तिथे एकही रेघ नाही. सहा एअरबॅग, गाडी घसरू न देणारी ईएसपी यंत्रणा, पाचही जणांना खांद्यावरून येणारा पट्टा, रिव्हर्स सेन्सर, या सगळ्यांपुढे चारही रकान्यांत टिंब. मला या ब्रोशरमधला सगळ्यात देखणा भाग हाच वाटतो.

कारण ही टिंबं एका ओळीत यायला फार वर्षं लागली. २००८मध्ये पहिली डिझायर आली तेव्हा एअरबॅग हवी असेल तर वरची पायरीच घ्यावी लागे. तेव्हा बाजाराची रीतच तशी होती, एका कंपनीची गोष्ट नव्हती. जीव वाचवणारी वस्तू आणि चामडं गुंडाळलेलं स्टिअरिंग एकाच यादीत, एकाच हिशेबाने विकलं जायचं. जानेवारी २०१४मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतीय बाजारातल्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरच्या वेगाने धडकवून पाहिल्या. त्यांत तेव्हा आपल्या चाकणला बनणारी फोक्सवॅगन पोलोही होती. एअरबॅग नसलेल्या पोलोला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅगवाल्या पोलोला चार. गाडी तीच, कारखाना तोच, फरक फक्त रकान्याचा. फोक्सवॅगनने बिनाएअरबॅगची पोलो विकणं बंद केलं. पुढे कायदाही आला. १ जुलै २०१९पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, आणि शेजारी बसणाऱ्याची २०२१ संपता संपता. सहा एअरबॅगच्या सक्तीचा विचार मात्र २०२३मध्ये मागे पडला. तो मागे पडायला नको होता असं माझं ठाम मत आहे. बेस मॉडेल घेणारा बहुतेक वेळा आयुष्यातली पहिली गाडी घेत असतो, आणि त्या एका गाडीत अख्खं घर बसतं.

मावशी आणि काकांबरोबर गाडी बघायला गेले तेव्हा शोरूममध्ये बेस मॉडेल नव्हतंच. डेमोची गाडी टॉपची, काचेसमोर उभी तीही टॉपची. "काका, टॉपच बघा. बेसमध्ये काही नसतं हो," सेल्समन म्हणाला. मुलगा चांगला होता. आग्रह केल्यावर गावाबाहेरच्या यार्डात घेऊन गेला.

तिथे बेस गाडी नीट बघता आली. चाकांवर कॅप नाही, काळी लोखंडी रिम उघडी. आरसे आतल्या दांडीने हलवायचे. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला बटणांच्या जागा तयार, पण त्यांवर गुळगुळीत प्लास्टिकची झाकणं. काकांनी एकावर बोट दाबून पाहिलं, ते हललं नाही. यार्डातला मेकॅनिक म्हणाला, काही गाड्यांत मागे वायर आलेली असते, नुसतं बटण बसवलं की झालं. काहींत वायरींचा हार्नेसच वेगळा असतो, मग बाहेर वायर कापून जोडावी लागते आणि वॉरंटीचा प्रश्न येतो. "बेस घेऊन बाहेरून सगळं बसवू" म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे आधी विचारून घ्यावं.

मावशीची नजर सीटकडे गेली. पाठीच्या कडेला एअरबॅग लिहिलेली छोटी पट्टी शिवलेली होती. सहापैकी दोन पिशव्या तिथून, सीटच्या कडेतून उघडतात. अ‍ॅक्सेसरीजच्या यादीत पहिलं नाव सीट कव्हरचं असतं, आणि तिथे जाड, घट्ट कव्हर चढवलं तर पिशवी वेळेवर बाहेर येणार नाही. त्या बाजूची शिवण फाटेल अशीच ठेवलेली कव्हरं मिळतात. कव्हर घ्यायचंच असेल तर तसलंच घ्यावं.

मग कोटेशन. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीची किंमत दहा लाखांपर्यंत असेल तर आरटीओचा कर ११ टक्के, त्यावर गेली की १२, आणि तोही पूर्ण किमतीवर. ९.९० लाखांच्या गाडीला १,०८,९०० रुपये, १०.२० लाखांच्या गाडीला १,२२,४००. किमतीत तीस हजारांचा फरक, करात साडेतेरा हजारांचा. शिवाय दहा लाखांवर एक टक्का टीसीएस, तो प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना वळता होतो, पण आज खिशातून जातोच. सनरूफसाठी पायरी चढताना हे कोणी मोठ्याने सांगत नाही.

आणि सनरूफच का? मावशीचं गाव कोकणात. चार महिने पाऊस. मागचं दार सरळ असलेल्या छोट्या गाडीत चाकांनी उडवलेला चिखल गाडीमागच्या हवेच्या भोवऱ्यात सापडतो आणि मागच्या काचेवर येऊन बसतो. तिथे मागचा वायपर लागतो, आणि तो बऱ्याच गाड्यांत वरच्या पायऱ्यांवरच मिळतो. डिझायरला डिक्की असल्याने हा त्रास कमी. आणि सनरूफमधून डोकं बाहेर काढून उभी असलेली मुलं मी महामार्गावर पाहते तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

"अहो, रात्री दिसायला पाहिजे. एलईडी हवेतच," मावशी म्हणाली. काकांना सीएनजी हवा होता, आणि डिझायरमध्ये सीएनजी फक्त व्हीएक्सआय आणि झेडएक्सआयला मिळतो. प्लस तिथेच गळला. काकांनी झेडएक्सआयवर बोट ठेवलं आणि डिक्कीत सिलिंडर बसल्यावर आंब्याच्या किती पेट्या मावतील, ते मोजायला टेप मागितली.