भोईवाड्यात कुठलं झाड लावावं?

जून लागला की परळ-भोईवाड्यात रोपवाटप सुरू होतं. मंडळाचा बॅनर, काळ्या पिशव्यांतली रोपं, फोटो. रोप कुठलं हे नर्सरीत काय स्वस्त मिळालं यावर ठरतं, आणि जागा कुठली हे फोटोवाला कुठे उभा आहे यावर. त्यातली काही रोपं नेटाने जगतात, चार-पाच वर्षांत गॅलरीला भिडतात, आणि तीच मंडळी झाड तोडायचा अर्ज लिहायला बसतात. हेतूत खोट नसते, समज चुकीचे असतात.

सगळ्यात पक्का समज म्हणजे झाड जेवढं वर, तेवढंच मूळ खाली. प्रत्यक्षात बहुतेक झाडांची अन्नपाणी शोषणारी मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि आडवी, फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. मोठ्या झाडाचा तोलही बऱ्याच अंशी हीच आडवी मुळं सांभाळतात. जेरबाई वाडिया रोडसारख्या रस्त्याकडेला नेमक्या याच थरात पाण्याची लाइन, विजेच्या केबल, गटार असं सगळं दाटीवाटीने बसलेलं असतं. पावसाळ्यात उन्मळलेल्या झाडाचा बुंधा कधी जवळून बघा. एका बाजूची मुळं पिळवटून तुटलेली, चिरफाळलेली दिसतील. दुसऱ्या बाजूला कित्येकदा करवत फिरवल्यासारखी सपाट टोकं असतात, काळी पडलेली. तिथे कधीतरी चर खणला गेलेला असतो. ‘म्हातारं झालं होतं, पडलं’ असं म्हणून आपण मोकळे होतो. 17 मे 2021 ला तौक्ते वादळात मुंबईत शेकडो झाडं पडली तेव्हा वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला होता, हे खरं. पण मुळं शाबूत असलेलं झाड आणि एका बाजूने छाटलेलं झाड त्याच वाऱ्यात सारखं वागत नाही. वरूनही तेच होतं. गॅलरीकडच्या फांद्या तेवढ्या उतरवल्या की भार रस्त्याकडे कलतो.

राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या एका प्रकरणात झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं. मुंबईतही पुढे रस्त्यांवरच्या झाडांभोवतीचं काँक्रीट फोडायची मोहीम झाली. सोसायटीच्या आवारात मात्र पेव्हर ब्लॉक बुंध्याला टेकवून बसवणारे आपणच.

दुसरा वाद देशी-विदेशीचा. गुलमोहर मादागास्करचा, आणि मुंबईत तो 1840 च्या सुमारास आपल्या शेजारच्या शिवडीत आल्याची नोंद सांगितली जाते. त्याचं लाकूड ठिसूळ, मुळं उथळ, तेव्हा इमारतीलगत तो नकोच. पण देशी म्हटलं की काम झालं, असंही नाही. सहा फुटांच्या पट्टीत लावलेला वड अस्सल देशी असूनही गुलमोहरापेक्षा महाग पडतो. देशी झाडांवर इथले पक्षी-कीटक जास्त पोसले जातात म्हणून त्यांना पहिला मान द्यावा, पण जागा बघून.

याचा चांगला धडा दादरच्या पारशी कॉलनीत आहे. मंचेरजी जोशींनी ही वसाहत आखताना रस्तागणिक वेगळी झाडं लावली. एका जातीवर रोग आला तरी सगळी सावली एकदम जाऊ नये, हा विचार. फिरदौसी रोडवरची महोगनी मूळची अमेरिकेची, पण तिला रस्त्याची रुंदी मिळाली. उलट मुंबईभर पर्जन्यवृक्ष भरमसाट लावले गेले, आणि गेल्या दशकात पिठ्या ढेकूण आला तेव्हा ते रांगेने वाळले.

मग लावायचं काय? चाळीच्या दारातल्या चिंचोळ्या पट्टीत पारिजातक, तगर, कढीपत्ता. दहा-बारा फूट मोकळी जागा असेल तर तामण, बकुळ, सीता अशोक. तामणाला पाणी सोसतं, त्यामुळे हिंदमातासारख्या पाणी तुंबणाऱ्या भागाच्या आसपास तो बहाव्यापेक्षा बरा. बहाव्याच्या मुळांशी पाणी साचलेलं चालत नाही. शिवडीच्या बाजूला, खाऱ्या हवेत, भेंड आणि करंज टिकतात. कुंपणालगत सरळसोट उभा आसुपालव बहुतेक जण अशोक म्हणूनच विकत घेतात. तो जागा कमी घेतो, पण सावलीची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. वड-पिंपळ मैदानासाठी.

पिंपळाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. ‘तो रात्री ऑक्सिजन सोडतो’ हे व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षं फिरतंय. ऑक्सिजन प्रकाशसंश्लेषणातून सुटतो आणि त्याला प्रकाश लागतो. रात्री पिंपळही इतर झाडांसारखा श्वसन करतो, म्हणजे ऑक्सिजन घेतो. खरा प्रश्न भिंतीतल्या पिंपळाचा आहे. पक्ष्याच्या विष्ठेतून बी सांडपाण्याच्या पाइपाच्या सांध्यात पडतं. ओल असतेच. मूळ विटांच्या दर्जांत शिरून फितीसारखं चपटं होतं आणि वर्षाकाठी फट रुंदावत नेतं. पिंपळाला कोयता कसा लावायचा, म्हणून वीतभर असताना कुणी हात लावत नाही, आणि पुढे नुसता शेंडा छाटला जातो. त्याने काहीच होत नाही, तो दुप्पट जोमाने फुटतो. कोवळा असतानाच मुळासकट काढून कुंडीत लावावा आणि नंतर एखाद्या मैदानाला द्यावा. पापाची भीती वाटणाऱ्यांनाही हा तोडगा पटतो.

‘आमच्या आवारातलं झाड, आम्ही काहीही करू’ हेही खरं नाही. 1975 चा महाराष्ट्राचा नागरी भागातला वृक्ष जतन कायदा खासगी जागेतल्या झाडांनाही लागू आहे. तोडायला परवानगी लागते, छाटायलाही. परळचा भाग एफ-दक्षिण वॉर्डात येतो, अर्ज तिथल्या उद्यान खात्याकडे करायचा. पावसाळ्याआधी आवारातली छाटणी करून घ्यायची जबाबदारी मात्र सोसायटीची.

पुनर्विकासात आणखी एक आश्वासन मिळतं, ‘झाडं हलवून पुन्हा लावू.’ मोठं झाड उचलताना बहुतेक मुळं मागेच राहतात. मेट्रो-3 साठी हलवून आरेत लावलेल्यांपैकी बरीच वाळली. आणि टॉवरचं पोडियम म्हणजे स्लॅबवर टाकलेली माती, तिथे मोठं झाड वाढतच नाही. नायगावच्या बीडीडी चाळींच्या जागी टॉवर होत असताना खरी जमीन कुठे शिल्लक राहणार, हे नकाशावर आधी विचारून घ्यायला हवं.

लावताना रोप खोल पुरलं की घट्ट उभं राहतं, असंही समजतात. खोड जिथे मुळांकडे रुंदावतं तो भाग मातीच्या वरच हवा. तो गाडला की साल कुजते. खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करावा. पावसात लावलं म्हणून पाण्याची काळजी मिटली असंही नाही. ऑक्टोबरनंतर मुंबईत फारसा पाऊस पडत नाही, तेव्हा पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालणारा माणूस आधी ठरवावा. आधाराचा बांबू वर्षा-दीड वर्षात काढावा आणि सुतळीही. ती सालीत रुतली की पानांत तयार झालेलं अन्न खाली उतरत नाही आणि मुळं उपाशी राहतात. लोखंडी पिंजऱ्याचंही तसंच, खोड सळ्यांना टेकायच्या आत तो काढायला सांगावा.