थेंबातली वीज

कोरड्या केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, हे आपण शाळेत पाहिलंय. त्याच घर्षणविजेवर चालणारा नॅनोजनरेटर २०१२ मध्ये अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या झाँग लिन वांग यांनी मांडला. पुढे पाण्याचा थेंबही या कामाला लागला.

टेफ्लॉनच्या पातळ थरावर थेंब पडत राहिले की त्यावर ऋण प्रभार साठतो. थराखाली वाहक, वर अ‍ॅल्युमिनियमची बारीक पट्टी. थेंब आपटून पसरला की पट्टीला टेकतो, म्हणजे स्वतःच स्विच होऊन सर्किट जोडतो! प्रभार धावतो, थेंब आकसून घसरला की परततो.

हाँगकाँगच्या सिटी युनिव्हर्सिटीत २०२० मध्ये १५ सेंमीवरून पडलेल्या एका थेंबाने १४० व्होल्ट दिले, १०० छोटे एलईडी लुकलुकले. आकडा भारीच, पण मी वहीत एमजीएच मांडलं. ०.१ ग्रॅमचा थेंब, ऊर्जा जेमतेम ०.१५ मिलिज्यूल. ती सगळी मिळाली तरी १० वॅटचा दिवा एक सेकंद पेटवायला सुमारे ६८,००० थेंब हवेत! तेव्हा हॉस्टेलच्या पन्हाळीवर मोबाइल चार्ज करायचं विसरा. प्रोजेक्टला घ्यायचंच असेल, तर कपॅसिटरमध्ये वीज साठवून मधूनच एखादं रीडिंग पाठवणारा सेन्सर घ्या. तिथे ही वीज पुरू शकते.