उदास गाणी आणि डायडोचा पहिला अल्बम

रविवारची सकाळ, घरात पोहे परतायला घेतले असतील, बाहेर नेहमीचं आपलं इंग्लंडचं राखाडी आभाळ. अशा हवेला शोभेल असाच आजचा विषय आहे. पण सुरुवात घरातल्या एका प्रसंगापासून करतो.

आमची लेक पंधरा वर्षांची आहे. शाळेतून आली की खोलीचं दार बंद आणि कानाला हेडफोन. एकदा मी ऐकलं तर एक मुलगी अगदी हळू, रडवेल्या आवाजात गात होती. मी पटकन बोलून गेलो, "असली रडकी गाणी कशाला ऐकतेस गं? काहीतरी आनंदी लाव ना!" तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि दार पुन्हा लावून घेतलं. रात्री बायको म्हणाली, "तुझे बाबाही तुला हेच म्हणायचे, तूच सांगितलं होतंस."

खरंच होतं ते. २००१ साली मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर होतो आणि एका इंग्लिश गायिकेचा अल्बम रात्र-रात्र ऐकायचो. गायिकेचं नाव डायडो आणि अल्बमचं नाव 'नो एंजल'. तिचा हा पहिलाच अल्बम. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

डायडो आर्मस्ट्राँग ही लंडनची. जन्म १९७१ चा, आणि तोही नाताळच्या दिवशी. लहानपणी गिल्डहॉल या नामांकित संगीतशाळेत शिकली. पुढे पुस्तकांच्या व्यवसायात नोकरी केली. तिचा मोठा भाऊ रोलो 'फेथलेस' या डान्स संगीताच्या ग्रुपमधला. त्यांच्या गाण्यांत आवाज देता देता ती स्वतःची गाणी लिहू लागली. आपल्या 'नो एंजल'मध्ये तिने काय केलं, तर क्लबमधला ठेका घेतला, पण त्याचा वेग उतरवला. वर साधी गिटार, आणि शेजारी बसून कुणी बोलावं तसा आवाज. तान नाही, आरडाओरडा नाही. विषय म्हणाल तर तुटलेलं नातं, वाट पाहणं, एकटेपण, स्वतःचीच समजूत काढणं.

आता व्यवसायाच्या बाजूने पाहू. एमबीए केलंय, त्यामुळे ती खोड जात नाही. अल्बम जून १९९९ मध्ये आला तो अमेरिकेत. तिच्या स्वतःच्या देशात, म्हणजे इथे ब्रिटनमध्ये, तो यायला ऑक्टोबर २००० उजाडला. सुरुवातीला कुठेही गाजावाजा नव्हता. आमच्या क्षेत्रात असं प्रॉडक्ट असतं तर दुसऱ्या तिमाहीतच कुणीतरी मीटिंगमध्ये ते बंद करायला सांगितलं असतं. पण गाणी आडवाटेने लोकांपर्यंत पोहोचत राहिली. 'थँक यू' हे गाणं १९९८ च्या 'स्लायडिंग डोअर्स' या सिनेमात आधीच येऊन गेलं होतं. 'हिअर विथ मी' हे 'रॉझवेल' या अमेरिकन मालिकेचं शीर्षकगीत झालं, आणि दर आठवड्याला कॉलेजच्या वयाची मुलं ते ऐकू लागली.

मग २००० साली एक अजब गोष्ट घडली. एमिनेम या रॅपरने 'थँक यू'चा सुरुवातीचा तुकडा उचलून आपल्या 'स्टॅन' या गाण्यात वापरला. 'स्टॅन' ही एका वेड्या चाहत्याची गोष्ट आहे. तो आपल्या आवडत्या कलाकाराला पत्रांमागून पत्रं लिहितो, उत्तर येत नाही, आणि शेवट भयंकर होतो. कलाकार उत्तर लिहायला बसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. (घरात लहान मुलं असतील तर हे गाणं आधी तुम्ही ऐका, भाषा जहाल आहे.) त्याच्या व्हिडिओत डायडोनेही काम केलं.

इथे एक गंमत नीट लक्षात घ्या. 'थँक यू'च्या पहिल्या कडव्यात दिवस सगळा बिघडलेला आहे. पण पुढे धृवपदात गाणं वळतं आणि आपल्या माणसाचे आभार मानतं, म्हणजे मुळात ते कृतज्ञतेचं गाणं आहे. एमिनेमने घेतला तो फक्त उदास भाग. त्यामुळे लाखो लोकांनी आधी निम्मंच गाणं ऐकलं, आणि ही बाई कोण, पुढे काय म्हणते, हे शोधत ते अल्बमपर्यंत आले. मीही त्यांतलाच एक.

पुढे जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. 'थँक यू' २००१ मध्ये अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. त्या वर्षी ब्रिटनमध्ये सगळ्यांत जास्त खपलेला अल्बम 'नो एंजल' होता. जगभरात एक कोटीहून अधिक प्रती गेल्या. २००२ मध्ये ब्रिट पुरस्कारांत सर्वोत्तम अल्बम आणि सर्वोत्तम गायिका हे दोन्ही मान तिला मिळाले.

सगळे खूश होते असं मात्र नाही. नाकं मुरडणारेही पुष्कळ होते. हे 'डिनर पार्टीचं संगीत' आहे, पाहुणे जेवत असताना मागे लावून ठेवावं असं गुळमुळीत, अशी टीका झाली. त्यात थोडं तथ्य आहेच. सगळी गाणी सलग ऐकली तर एकमेकांसारखी वाटू शकतात. पण जे गाणं कुणी दिवाणखान्यात मागे लावून विसरतो, तेच दुसरा कुणी रात्री एकटा पडून ऐकत असतो. मी इंग्लंडला आलो तेव्हा पहिल्या हिवाळ्यात चार वाजताच अंधार व्हायचा. ऑफिसमधून परतताना ट्रेनमध्ये पुन्हा हाच अल्बम लावायचो. त्याने मला जास्त उदास केलं नाही. उलट आपल्याला जे नेमकं सांगता येत नाही ते कुणीतरी मांडलंय, असं वाटून हलकं व्हायचं.

हे काही माझ्या एकट्याचं नाही. बर्लिनच्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये ७७२ लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. दुःखी संगीत ऐकताना सर्वांत जास्त काय जाणवतं, तर निव्वळ दुःख नव्हे, गतकाळाची हुरहुर. घर सोडून आलेल्या आपल्यासारख्यांना ती हुरहुर वेगळी समजावून सांगायला नको. हृदयनाथांनी चाल दिलेली ग्रेस यांची कविता ऐकताना अर्थ पूर्ण कळत नाही, तरी हातातलं काम थांबतं, तसंच काहीसं.

म्हणून पालकांना एवढंच सांगेन. मूल उदास गाणी ऐकतं म्हणजे ते बिघडलं किंवा आजारी पडलं, असं लगेच समजू नका. झोप, जेवण, मित्रमैत्रिणी, शाळा यांत बदल दिसत असेल आणि तो आठवडे टिकत असेल, तर मात्र नुसती गाणी बंद करून भागणार नाही. मुलाशी बोला, शाळेशी बोला, जीपीकडे जा. एरवी 'हे काय ऐकतेस' असं दरडावण्याऐवजी 'मलाही ऐकव' म्हणून पाहा.

मी तेच केलं. पुढच्या शनिवारी लेकीला 'थँक यू' पूर्ण ऐकवलं. ती म्हणाली, "बाबा, हे तर आनंदी गाणं आहे!" मग तिने तिची तीन गाणी ऐकवली. त्यांतलं एक मला अजिबात आवडलं नाही, तेही मी तिला सांगितलं. त्यावर अर्धा तास वाद झाला. दार मात्र उघडंच होतं.

तुमच्या घरी कोण कोणती उदास गाणी ऐकतं, आम्हाला जरूर कळवा. पुढच्या रविवारी भेटूच.