बाळंतविड्यातील पायमोजे

नामकरण विधीत त्रिसरण-पंचशील झाले की बाळाच्या हाती बाळंतविडा येतो. तयार संच बाजारात मिळतात. तरी पायमोजे भगिनींनी घरीच विणावेत. चार सुयांवर चारच्या पटीत टाके घालून दोन सुलट, दोन उलट विणत गेल्यास उभ्या पन्हळी उठतात. सुलट टाके पुढे येतात, उलट मागे दबतात. त्यामुळे वीण ताणते, पुन्हा आवळते आणि मोजा नाडीशिवाय पायात टिकतो. देवगडच्या पावसाळी दमट हवेत खरी लोकर लवकर वाळत नाही, म्हणून सुती धागा बरा. तो ताणून सैल पडतो, हे धरून चालावे. आतल्या बाजूस सुटे धागे मात्र मुळीच ठेवू नयेत. असा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला तर रक्तप्रवाह थांबतो. मोजा देण्यापूर्वी उलटा करून पाहावा.